पूर्वजांना गेंडा पसंत आहे

सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, दिनानाथ गोविंद चुरी, वय वर्षे एकसष्ट, राहणार मौजे माहीम, तालुका व जिल्हा पालघर, हा इसम बांध्याने मध्यम, वर्णाने निमगोरा आणि उंचीने कोणत्याही शासकीय दरवाज्यातून न वाकता जाईल इतपत असून, त्याच्या विरोधात कोणताही गुन्हा अथवा त्याच्या बाजूने कोणताही पुरस्कार नोंदलेला नाही. व्यवसाय: बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतील एका रंगाच्या कारखान्यातून निवृत्त, सध्या केळी, सुपारी व पानवेल. अपत्ये: एक कन्या. स्वभाव: याबाबत लेखी तक्रार प्राप्त नाही. विशेष अर्हता: धार.

शेवटच्या नोंदीचा खुलासा आवश्यक आहे.

माहीमला दिनाभाऊंची जी आळी आहे, तिथे हळदीच्या संध्याकाळी कोणी घोटभर काही घेण्याआधी घरातल्या गेलेल्या माणसांना पहिली धार दिली जाते. मांडवाच्या मुख्य खांबापाशी जमीन शेणाने सारवतात. एक माणूस तांब्यातून ताडी हळूहळू जमिनीवर सोडतो आणि घराण्यातल्या मृतांची नावं घेतो. जमिनीवर फेस धरतो. नावं संपेपर्यंत फेस टिकला तर पूर्वजांनी पेय स्वीकारलं. फेस मधेच विरला तर पूर्वज रुसले. मग क्षमा मागून पुन्हा धार. वरून मंजुरी येईपर्यंत जिवंत माणसांनी ओठ ओले करायचे नाहीत. त्यामुळे मृतांची नावं भराभर घेणारा माणूस आळीत लोकप्रिय असतो.

दिनाभाऊ नुसते भराभर नावं घेत नसत. तांब्या छातीच्या उंचीवर धरायचा, मनगट किंचित हलतं ठेवायचं, सारवलेल्या जमिनीचा ओलसर भाग निवडायचा, ही सगळी विद्या त्यांनी स्वतः कमावलेली होती आणि तिच्याबद्दल ते कुणाशी बोलत नसत. त्यांच्या हातून धार सुरू झाल्यापासून आळीतला एकही पूर्वज रुसला नव्हता. एकदा नावं घेता घेता ते शेजारच्या घरातल्या दोन मृतांवर घसरले होते. त्या दोघांनीही हरकत घेतली नाही.

हे सगळं दिनाभाऊंना किती महत्त्वाचं होतं ते समजायला त्यांचं बाकीचं आयुष्य पाहावं लागेल. कारखान्यात यंत्रांच्या आवाजात त्यांचं बोलणं कोणाला ऐकू गेलं नाही. घरी त्यांची पत्नी शैला हिला ते ऐकू जात असे, पण ती तोवर दुसऱ्या विषयावर गेलेली असे. आळीच्या सभेत त्यांनी हात वर केला की लोक पंखा वाढवत. मात्र मांडवात त्यांनी तांब्या उचलला की बँडवालासुद्धा वाद्य मांडीवर घेऊन बसे. दोनअडीचशे माणसं एका दिनानाथ चुरीसाठी गप्प होत, असा त्यांच्या आयुष्यात हा एवढाच प्रसंग होता. बाकी काही गेलं असतं तर चाललं असतं. हे जायला नको होतं.

ते जाण्याची वेळ त्यांच्या स्वतःच्या मुलीच्या हळदीत आली.

वैष्णवी बोईसरला एका औषधांच्या कंपनीत प्रयोगशाळेत कामाला होती. तिथेच काम करणाऱ्या शैलेशशी तिचं लग्न ठरलं. मुलगा सगळ्या बाजूंनी ठीक होता. फक्त त्याच्या मित्रमंडळींना, आणि मग वैष्णवीलाही, हळदीला गेंडा हवा होता.

गेंडा ही बिअर आहे. तिचं खरं नाव इंग्रजीत आहे आणि लांब आहे. डब्यावर लाजऱ्या चेहऱ्याच्या गेंड्याचं चित्र असल्यामुळे बोईसरपासून पालघरपर्यंत तिला गेंडाच म्हणतात. गेल्या काही वर्षांत ती इतकी पसरली की जिथे पिण्याचं पाणी एक दिवसाआड येतं तिथेही गेंडा रोज येतो. तो चांगला आहे याबद्दल कोणाचंच दुमत नव्हतं. का चांगला आहे, हा प्रश्न कोणी विचारलेला नव्हता.

"ताडी आनि गेंडा, दोनी ठेवू," शैलाने तोडगा काढला.

तो चालण्यासारखा नव्हता. हळदीला एकच पेय, असा आळीचा ठराव आहे. तो होण्याआधी एका हळदीत चार प्रकारची पेयं झाली होती आणि नवरदेवाऐवजी क्लॅरिनेटवाल्याला हळद लावून झाली होती. तो बिचारा विरोध करण्याच्या स्थितीत नव्हता.

"बाबा, हळद माझी आहे," वैष्णवी म्हणाली.

"हळद तुजी हाय, पन पूर्वज माजे हायत," दिनाभाऊ म्हणाले.

"माझे पण आहेत ना ते?"

तेवढ्यात गेंड्याची माहिती द्यायला बोईसरचा हितेश आला. स्टेशनजवळ त्याचं दारूचं दुकान आहे आणि त्या भागात गेंडा पोचवण्याचं काम त्याच्याकडे आहे. येताना तो नमुन्याचा एक डबा आणि छापील पत्रकं घेऊन आला. डबा दिनाभाऊंनी उजेडात धरला, कानाशी हलवला, हुंगला आणि परत टेबलावर ठेवला.

"काका, ही साधी बिअर नाय. क्राफ्ट हाय. क्राफ्ट म्हणजे हाताने बनवलेली."

"कोनाच्या?"

"काय कोणाच्या?"

"हाताने म्हनतोस ना. हात कोनाचे?"

हितेशने डबा फिरवून पाहिला. त्यावर पत्ता होता, परवाना होता. हात कोणाचे ते लिहिलेलं नव्हतं.

"कंपनीचे," तो म्हणाला.

"आनि मिळते कुठे कुठे?"

"कुठे नाय मिळत? डहाणूपासून दिल्लीपर्यंत रोज गाड्या भरून जातात."

"मग बरेच हात असतील," दिनाभाऊ म्हणाले. त्यांनी हयातभर कारखान्यात पिंपं भरलेली होती.

शैलाने चष्मा लावून डब्यावरची बारीक अक्षरं वाचली. "गहू, संत्र्याची साल, धने." तिने डबा खाली ठेवला. "अहो, ह्यात थोडं सैंधव टाकलं तर पोटाला बरं."

"काकी, सगळे पितात ही," हितेश कळवळून म्हणाला.

"त्रिफळा पन सगळे घेतात," शैला म्हणाली.

हितेशने मग हुकमी गोष्ट काढली. कंपनी लग्नसमारंभासाठी स्वतःचा माणूस पाठवते. तो ओतण्याचं प्रशिक्षण घेतलेला असतो. ग्लास तिरका धरायचा, मग सरळ करायचा, फेस दोन बोटं. "तुम्हाला हात लावायची गरज नाय, काका. धार का काय ती पण आमचा माणूस घालेल. गेंड्याचा टी-शर्ट घालून. तुम्ही फक्त पाटावर आरामात बसा."

दिनाभाऊ आधीच खुर्चीवर बसलेले होते. तरी त्यांना आणखी खाली बसल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी ते बोईसरला गेले. गेंड्याची कीर्ती खरी की खोटी हे त्यांना मुळापासून तपासायचं होतं. हितेशच्या दुकानासमोरच्या पानाच्या टपरीपाशी उभं राहून ते येणाऱ्याजाणाऱ्यांना अडवून विचारू लागले.

एका इंजिनिअरने सांगितलं की गेंडा उत्तम आहे, कारण तो कडू लागत नाही. दुसरा म्हणाला, "बिअरसारखी लागतच नाही हो, हीच तर गंमत." तिसऱ्याने डब्याच्या रंगाची स्तुती केली. चौथ्याचे साहेब तीच पीत असत, त्यामुळे त्यालाही ती आवडू लागली होती. साहेबांची बदली झाल्यावर काय करायचं हे त्याने अजून ठरवलेलं नव्हतं. पाळी संपवून आलेल्या एका कामगाराला दिनाभाऊंनी हिंदीत विचारलं, "गेंडा कैसा है?"

"बढ़िया है चाचा. सब लोग पीते हैं."

"लेकिन स्वाद कैसा है?"

त्याने बराच विचार केला. "ठंडा," तो म्हणाला.

दिनाभाऊंनी निष्कर्ष काढला तो असा: गेंड्याची सर्वांत मोठी तारीफ ही की तो बिअरसारखा लागत नाही, आणि तो पिण्याचं सर्वांत मोठं कारण हे की दुसरे पितात. म्हणजे ही सगळी कीर्ती एकमेकांच्या तोंडाकडे बघून तयार झालेली होती. हे त्यांनी घरी येऊन शैलाला सांगितलं. शैला म्हणाली, आपलं लग्न पण तसंच ठरलेलं.

प्रकरण पुष्पलता आत्यांकडे गेलं. आळीत सर्वांत वडीलधाऱ्या त्याच. त्यांच्या वर अपील चालत नाही. त्यांनी दोन्ही बाजू ऐकल्या, तपकीर ओढली आणि निकाल दिला.

"भांडता कशाला? ज्यांचं हाय त्यांना विचारा. आदी ताडीची धार पाडा, मग ह्या गेंड्याची. वरच्यांनी जे जास्त मानलं, ते मांडवात वाटायचं. आनि ज्याचं पेय, त्याचा मानूस हितून पुडं धार घालील. पन ह्या वेळी दोनी धारी दिनाच घालील. नवीन मानसाला आमचे लोक ओळखायचे नायत."

हितेशने लगेच होकार दिला. दिनाभाऊंनीही दिला. निकाल न्याय्य होता, आणि त्यात आपल्याला काय करता येईल हे त्यांना बसल्या जागी दिसलं होतं.

ताडीला फेस कसा आणायचा हे ज्याला माहीत असतं, त्याला तो कसा घालवायचा हेही माहीत असणार, अशी त्यांची समजूत होती. तरी खात्री करून घ्यायला ते जिवल्याकडे गेले. जिवल्या त्यांच्या बागेच्या कडेचे ताड चढतो, मडकी उतरवतो आणि लोकांशी बोलायला शक्यतो झाडावरून उतरत नाही.

"जिवल्या, ताडी मारायची असली तर कशी मारायची रे?" दिनाभाऊंनी खालून विचारलं.

"मारायला कशाला पायजे?" वरून आवाज आला. "ती सोताच मरते."

"लवकर मारायची असली तर?"

"उन्हात ठेव. नायतर हलवत हलवत लांब ने. उन्हानं उतरते, हेलकाव्यानं थकते. मग फेस नाय, काय नाय. नुसतं आंबट पानी." मग वरच्या झावळ्यांत जरा हालचाल झाली. "कोनाची मारायची हाय भाऊ?"

"कोनाची नाय. माहिती असावी."

हळदीच्या आदल्या दिवशी दिनाभाऊंनी हितेशकडून धारेसाठी म्हणून तीन डबे वेगळे मागून घेतले. बाकीचे डबे हितेशने बर्फाच्या पेट्यांत ठेवले होते. "आमच्यात धारेचं पेय घरच्या मानसाच्या ताब्यात लागतं," दिनाभाऊंनी सांगितलं. हे खरंही होतं. ताब्यात घेतल्यावर त्यांनी ते डबे वाडीतल्या पंपाच्या खोलीच्या पत्र्यावर नेऊन मांडले. मे महिना होता. त्या पत्र्यावर शैला एरवी पापड वाळत घालते आणि ते तासाभरात कडकडून उठतात.

हळदीच्या दिवशीही दुपार टळेपर्यंत डबे पत्र्यावर होते. ते उतरवताना दिनाभाऊंना दिसलं की डब्यांची तळं बाहेर आली आहेत, अंगही टम्म झालं आहे. त्यांना मनापासून बरं वाटलं. डबे आजारी पडले होते. आता त्यांना थकवायचं होतं. त्यांनी ते पिशवीत घातले, पिशवी स्कूटरच्या हँडलला अडकवली आणि माहीमहून पालघरच्या रस्त्याला लागले. हा रस्ता निवडण्यामागे विचार होता. तिथून रोज जाणाऱ्यांच्या कंबरेचे मणके आपापल्या जागा सोडून ओळखीच्या जागी जाऊन बसतात. दिनाभाऊंनी एकही खड्डा चुकवला नाही. कोळगावच्या जिल्हा कार्यालयाला वळसा घालून ते परत आले, वाटेत हळद आणि सुटी फुलं घेतली, म्हणजे घरी विचारलं तर सांगायला कारण झालं.

ऊन उतरता उतरता मांडव भरला. आळीतली झाडून सगळी माणसं आली होती. शैलेशचे मित्र मागे उभे राहून फोटो काढत होते. हितेशने आणलेला कंपनीचा माणूस, मिथुन, गेंड्याचा टी-शर्ट घालून बाजूला उभा होता. तो चाळिशीचा, पिळदार मिशांचा गृहस्थ होता आणि टी-शर्टवरचा गेंडा त्याच्या पोटामुळे अधिकच लाजल्यासारखा दिसत होता. मुख्य खांबाला दिनाभाऊंच्या वडिलांचा, कै. गोविंद चुरी यांचा, हार घातलेला फोटो टांगलेला होता. हे गृहस्थ हयातभर चहाच्याही विरोधात होते, पण धारेच्या वेळी त्यांना कधी कोणी वगळलं नव्हतं.

ताडीची धार झाली. दिनाभाऊंनी तांब्या उचलला, मांडव गप्प झाला. धार सरळ पडली, फेस धरला, नावं संपेपर्यंत टिकला. पुष्पलता आत्यांनी मान हलवली. पूर्वजांनी नेहमीप्रमाणे मान्यता दिली होती.

"आता नवीन पेयाला नवीन जागा," दिनाभाऊ म्हणाले आणि खांबाच्या दुसऱ्या बाजूला त्यांनी किनाऱ्यावरून आणलेली कोरडी वाळू पसरली. वाळू पाण्यासकट सगळं गिळते हे त्यांना माहीत होतं. वैष्णवीने पाटावर बसल्या जागेवरून वाळूकडे पाहिलं, मग बापाकडे पाहिलं.

दिनाभाऊंनी पिशवीतून पहिला डबा काढला. तो अजून गरम होता. त्यांनी डबा वाळूवर अगदी खाली धरला, कारण उंचावरून फेस येतो, आणि वरची कडी ओढायला लागले. कडी निघेना. मिथुन मदतीला पुढे आला.

"मी खोलू का, साहेब?"

"नको," दिनाभाऊ म्हणाले. "तू पाटावर आरामात बस."

त्यांनी नख घालून जोर लावला.

पुढे काय झालं याबद्दल आळीत मतभेद आहेत. काही म्हणतात आधी आवाज झाला, काही म्हणतात आधी फेस. डब्यातून जे निघालं ते खाली न जाता वर गेलं, मांडवाच्या कापडाला लागून सगळीकडे पसरलं आणि खाली आलं. पुढच्या रांगेतल्या कोणाचेही कपडे कोरडे राहिले नाहीत. क्लॅरिनेटवाल्याने वाद्य छातीशी धरलं. वाळूवर पडलेला फेस वाळूला न जुमानता फुगत चालला आणि मांडवाच्या खांबाला येऊन टेकला. एक मोठा गोळा कै. गोविंद चुरींच्या फोटोवर जाऊन बसला, नेमका मिशीवर.

दिनाभाऊंना काय करावं कळेना, म्हणून त्यांनी सवयीने नावं घ्यायला सुरुवात केली. पणजोबा, पणजी, आजोबा, चुलत आजोबा, बुडालेले काका, दोन आत्या, वडील. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी नावं हळूहळू घेतली, मधे थांबत, खाकरत, फेस विरायला वेळ देत. फेस विरेना. त्यांनी शेजारचे दोन मृतही घेतले; त्यांतले एक पुष्पलता आत्यांचे यजमान. मिशीवरचा फेस तसाच होता.

"दुसरा डबा काढा," हितेश उत्साहाने ओरडला. त्याचा सदरा अंगाला चिकटला होता.

दिनाभाऊंनी दुसरा डबा काढला. या वेळी त्यांनी डबा भीतीने स्वतःपासून दूर धरला, त्यामुळे तो पुष्पलता आत्यांच्या दिशेने झाला.

आत्यांनी पदराने तोंड पुसलं. मग खांबाकडे, जिकडे त्यांच्या दिवंगत नवऱ्याचं नाव नुकतंच घेतलं गेलं होतं तिकडे, पाहिलं.

"एवढं तं आमचे हे जितेपनी पन कदी बोलले नव्हते," त्या म्हणाल्या.

निकाल लागला. ताडी पूर्वजांनी मानली होती, पण गेंडा त्यांनी उचलून धरला होता. मांडवात एकच गलका झाला. हितेशने दिनाभाऊंना मिठी मारली. दिनाभाऊ मात्र खांबाला टेकून उभे होते. आपण हरलो हे त्यांना कळलं होतं. पण त्याहून वेगळंच काहीतरी त्यांच्या मनात सुरू होतं. हे डबे त्यांनी स्वतःच्या हाताने मारले होते. उन्हात मारले, रस्त्यावर मारले. त्यात जीव उरला असणं शक्य नव्हतं. इतकी वर्षं तांब्या कसा धरायचा, मनगट कसं हलवायचं, हे सगळं आपलंच कसब असं ते मनात धरून होते. आज त्यांनी कसब उलटं वापरलं आणि तरी उत्तर आलं. म्हणजे तिकडे खरंच कोणीतरी होतं.

वैष्णवी हळदीच्या अंगाने उठून त्यांच्याजवळ आली.

"बाबा, डबे कुठे ठेवले होते?"

"पत्र्यावर," ते हळूच म्हणाले. मुलीशी त्यांना खोटं बोलता येत नसे.

"केव्हापासून?"

"कालपासनं."

"आणि दुपारी स्कूटर घेऊन कुठे गेला होता?"

"फुलं आनायला."

"डबे घेऊन?"

दिनाभाऊंनी पिशवीतला तिसरा डबा चाचपला. मग म्हणाले, "वैशू, मी डबे पुरते मारले होते गो. तरी वरचे बोलले."

वैष्णवीने तोंड उघडलं. तिच्या प्रयोगशाळेतल्या कोणालाही हे दोन वाक्यांत समजावता आलं असतं. वायू, उष्णता, हेलकावे. तिने बापाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिथे ती लहान असताना तिला समुद्र दाखवताना जसा भाव असे, तसा काहीतरी होता.

"असेल," ती म्हणाली आणि जाऊन पाटावर बसली.

आता ठरल्याप्रमाणे मांडवात गेंडा वाटला गेला. मिथुनने ग्लास तिरका धरून, मग सरळ करून, दोन बोटं फेस काढून प्रत्येकाच्या हातात दिला. आळीतल्या माणसांनी पहिला घोट घेतला.

"चांगली हाय," एक जण सावधपणे म्हणाला.

"चांगली असनारच," दुसरा म्हणाला. "गोविंदकाकांनी मानली म्हंजे."

"धने लागतात."

"हां, धने लागतात."

कोणीच दुसरा घोट घेतला नाही. वाईट म्हणणं शक्य नव्हतं. तो पूर्वजांचा अपमान झाला असता. सगळे ग्लास हातात धरून उभे होते. शेवटी कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्याला वाट सापडली. तो खाली वाकला. "आमच्या आजोबांना आवडेल, त्यांना आनखी एक घोट," असं म्हणून त्याने आख्खा ग्लास जमिनीवर रिकामा केला.

मग भक्तीचा पूर आला. कोणी आजीला दिला, कोणी मामांना, कोणी लढाईत गेलेल्या कुठल्याशा पूर्वजाला, ज्याचं नाव कोणाला माहीत नव्हतं. मिथुन भरभर ओतत होता, ग्लास भरभर जमिनीवर जात होते. इतकी पितृसेवा त्या आळीत पूर्वी कधी झालेली नव्हती. शैलेशच्या मित्रांनाही वाटलं की पद्धतच अशी असावी; त्यांनीही ओतला. अंगणात घोट्याएवढा फेस झाला आणि त्यातून मुलं घसरत फिरू लागली. हितेश हे सगळं मोबाईलवर टिपत होता. एवढ्या वेगाने संपलेला माल त्याने पाहिला नव्हता.

गेंडा संपला. एकच पेय असा ठराव होता आणि ते एक पेय संपलेलं होतं. आता दुसरं आणलं तरी तेही एकच असणार होतं. पुष्पलता आत्यांनी हा अर्थ मान्य केला. मांडवामागे चादरीखाली झाकलेली जिवल्याची मडकी पुढे आली.

शैलेशच्या एका मित्राने ताडीचा घोट घेऊन डोळे मिटले. "ह्यात पण थोडी संत्र्याची साल लागते, नाही?" तो जिवल्याला म्हणाला.

जिवल्याचा चेहरा पडला. "मडकी धुतलीत मी," तो म्हणाला.

आता प्रश्न राहिला धारेच्या माणसाचा. ठरल्याप्रमाणे तो मान मिथुनकडे जायचा होता. हितेशने त्याला पुढे ढकललंही. पण आळी ऐकायला तयार नव्हती. मिथुनने इतके ग्लास ओतले, तरी एकाही ग्लासातून पूर्वज त्या पद्धतीने बोलले नव्हते. त्याच्या हातचा फेस दोन बोटांवर थांबत होता. दिनाभाऊंच्या हातचा मांडवाच्या कापडाला लागला होता.

"वरचे बोलतात ते दिनाशीच," आत्या म्हणाल्या.

मिथुनला वाईट वाटलेलं दिसलं नाही. तो तेव्हा ताडीच्या मडक्यापाशी होता आणि त्याचा टी-शर्ट उलटा घातलेला होता.

पंधरवड्याने आळीची सभा झाली. दिनाभाऊंनी बोलायला हात वर केला तेव्हा पंखा कोणी वाढवला नाही. सगळे त्यांच्याकडे बघत राहिले आणि त्यामुळे त्यांना काय बोलायचं होतं तेच ते विसरले. सभेने पुढीलप्रमाणे ठराव संमत केला: "यापुढे आळीतील सर्व शुभकार्यांत पूर्वजांस गेंडा व हयात व्यक्तींस ताडी देण्यात यावी. श्री. दिनानाथ गोविंद चुरी यांस तहहयात धारकरी म्हणून नियुक्त करण्यात येत आहे. सदर दोन्ही पेयांचा त्यांचा प्रदीर्घ अनुभव व अधिकार लक्षात घेता, कोणत्याही पेयाची कीर्ती रास्त आहे किंवा कसे याबाबत त्यांचे मत अंतिम व बंधनकारक राहील."

दिनाभाऊंनी गेंडा कधी चाखलेला नाही. ताडीही नाही; त्यांना पित्त होतं.